नाटकाची रात्र आणि परतीची वाट

देवगाव फाट्यावरच्या नाटकवेड्या माणसाला गाण्यांनी भरलेलं एखादं विनोदी नाटक बघायचं मनात आलं, तर नाटक कोणतं आणि त्यात कोण काम करतं हे तो नंतर विचारतो. आधी विचारतो, रात्री परत कसं यायचं. जालना-मंठ्याकडून जिंतूरकडे जाणारा रस्ता आणि सेलू-पाथरीकडे वळणारा रस्ता या फाट्यावर भेटतात. दिवसा इथून कुठेही जाता येतं. नाट्यगृह मात्र परभणीला, नाहीतर जालन्याला, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगरला. परभणीत बी. रघुनाथांच्या नावाचं सभागृह आहे, जालन्यात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे, संभाजीनगरात संत एकनाथ रंगमंदिर आहे. शहरी रिवाजाप्रमाणे रात्री साडेनऊला पडदा वर गेला, तर प्रयोग संपायला साडेबारा वाजणार. त्या वेळी शहरातला प्रेक्षक रिक्षाने पंधरा मिनिटांत घरी पोचतो आणि फाट्यावरचा प्रेक्षक बसस्थानकाच्या बाकावर उजाडण्याची वाट बघतो, किंवा मित्राच्या गाडीत पाचवा होऊन अंधारातून परततो. बहुतेक जण यातलं काहीच करत नाहीत आणि घरीच थांबतात. मग आपण म्हणतो की खेड्यातल्या माणसाला नाटकाची आवड राहिली नाही. हे निदान चुकीचं आहे, असं मला वाटतं. गाणं आणि हशा एकत्र नांदवणारं नाटक याच प्रेक्षकाच्या कानावर घडलेलं आहे, त्याची वेळसुद्धा एकेकाळी याच प्रेक्षकाच्या वाटेवर बेतलेली होती. आवड जागेवर आहे, सुटला आहे तो वेळेचा आणि जागेचा मेळ.

आधी कानाविषयी. विनोदी संगीत नाटक म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक, पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात ऑर्गन-तबल्याच्या साथीने चाललेलं जुनं संगीत नाटक. दुसरं, परदेशातल्या रंगभूमीवरचा झगमगाट. पण मराठवाड्यात हसणं आणि गाणं यांची गाठ त्याच्या किती तरी आधी बांधली गेली. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली, तेव्हा त्यांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, सासुरवाशीण अशी गावातली ओळखीची माणसं घेतली आणि त्यांच्या तोंडी गाणं दिलं. भारूड नुसतं गायचं नसतं, सोंग घेऊन सादर करायचं असतं. विंचवाच्या भारुडात विंचू डसलेल्या माणसाचं तडफडणं बघून आधी हसू येतं. गाणारा तेच धृपद पुन्हा घेतो, मागचे साथीदार झील धरतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात येतं की हा विंचू आपल्याच काम-क्रोधाचा आहे. इथे गाण्याचं काम काय, ते नीट पाहण्यासारखं आहे. विनोदी वाक्य एकदाच चालतं, दुसऱ्यांदा म्हटलं की शिळं होतं. गाण्याचं धृपद उलट पुन्हा आल्यानेच रंगतं. विनोद ऐकणाऱ्याला एका क्षणात पकडतो, गाणं त्याला तिथे थांबवून ठेवतं. हसून झालेल्या माणसाला त्याच जागी थोडा वेळ उभं करायचं आणि मग त्याला दुसरं काही दाखवायचं, ही सोय निव्वळ गद्य विनोदात नाही. सिल्लोड तालुक्यातल्या रहिमाबादचे निरंजन भाकरे अगदी अलीकडेपर्यंत बुरगुंड्याचं भारूड घेऊन हजारोंच्या समुदायाला हसवत होते आणि हसता हसता व्यसनमुक्तीचं, लेकीबाळींचं बोलत होते. त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला ही रीत कुणी शिकवावी लागली नव्हती.

संगीत रंगभूमीनेही आपलं सर्वांत टिकाऊ यश विनोदातच मिळवलं, हे आपण विसरतो. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर 1880 साली ‘शाकुंतल’ घेऊन आले, पण घराघरांत पोचलं ते 1882चं ‘सौभद्र’. त्याचा सांगाडा पाहिला तर ती सरळसरळ विनोदी गोष्ट आहे. थोरल्या भावाने बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवलं आहे, धाकट्याला ते नको आहे, आणि खरा नवरा संन्याशाच्या वेषात वाड्यातच येऊन राहिला आहे. कृष्णाला सगळं ठाऊक आहे, प्रेक्षकालाही ठाऊक आहे, बलरामाला मात्र पत्ता नाही. देवादिकांची नावं असली तरी हे घर मराठी आहे, ही लग्नघाई मराठी आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ याहून बोलकं उदाहरण आहे. मुळात ती फ्रान्समधल्या मोलिएरच्या 1660 सालच्या नाटकाची गोष्ट. ती इंग्लंडात आर्थर मर्फीने आपल्या पद्धतीने मांडली आणि तिथून देवलांनी ती गद्य नाटक म्हणून मराठीत आणली. पुढे त्यात पदं आली आणि 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने संगीत रूपात ते रंगमंचावर आणलं. देवल त्याच वर्षी वारले. एका तसबिरीवरून नवरा बायकोवर आणि बायको नवऱ्यावर संशय घेते, एवढंच कथानक. पण पदांची वाटणी पाहा. गाण्यांचा भार मुख्यतः रेवती आणि अश्विनशेठ या प्रेमिकांवर आहे, आणि संशयाने पछाडलेल्या फाल्गुनरावाची सगळी मजा गद्यात आहे. गणपतराव बोडसांनी ती भूमिका गाजवली ती बोलण्याच्या, अडखळण्याच्या, स्वतःशीच पुटपुटण्याच्या बळावर. ज्याचं मन मोकळं आहे तो गातो, ज्याचं मन संशयाने आवळलेलं आहे त्याला सूर सापडत नाही. ही रचना नकळत झाली असेल किंवा जाणून, पण शंभरहून जास्त वर्षं ती प्रेक्षकाला हसवते आहे याचं एक कारण हेच, असं मी मानतो.

तरीही, आपल्या फाट्यावरच्या प्रेक्षकाचं खरं घर वगनाट्यात आहे. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग, हा तमाशाचा क्रम ज्याला माहीत आहे त्याला हेही माहीत असतं की सुरुवातीचा भाग निव्वळ वेळ काढण्यासाठी नसतो. गौळणीत पेंद्या आणि मावशी येतात, मावशीचं काम पुरुषच करतो, सोंगाड्या कृष्णाच्या गोष्टीत गावच्या सरपंचाला आणतो, आणि पाहता पाहता पुराण आणि पंचायत एका ओळीत बसतात. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि मंजिरी एवढ्या सामानावर हे उभं राहतं. मागे झील धरणारे आणि सुरत्या असतात, ते गाण्याला साथ देतात आणि सोंगाड्याच्या बोलण्याला प्रश्नही विचारतात. म्हणजे प्रेक्षकाचा एक प्रतिनिधी फडातच उभा असतो. हरिभाऊ वडगावकरांचं ‘गाढवाचं लग्न’ घ्या. इंद्रसभेतला गंधर्व शापामुळे गाढव होतो, सावळ्या कुंभाराच्या घरी येतो, आणि थेट राजकन्येला मागणी घालतो. दादू इंदुरीकरांनी सावळ्या असा काही उभा केला की संगीत नाटक अकादमीने त्यांना 1973 साली पुरस्कार दिला. गाढव बोलतं याचं त्या वगात कुणाला फारसं नवल नाही. नवल आहे ते कुंभाराचं, ज्याला गाढवाचा निरोप घेऊन राजाकडे जावं लागतं. लहान माणसाने मोठ्याच्या दारात उभं राहून अशक्य ते मागायचं, यातला विनोद परभणीच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. तो तहसिलीत, बँकेत आणि विमा कंपनीच्या खिडकीपाशी रोज हेच करतो.

वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने 1965 साली ही रीत शहरी नाट्यगृहात आणली. राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार आणि मैनावती ही जुनीच पात्रं, पण बोलणं आजच्या राजकारणावर. दादा कोंडके हवालदार म्हणून उभे राहिले की त्या आठवड्याच्या बातम्या संवादात यायच्या, आणि हजाराहून जास्त प्रयोग होऊनही नाटक ताजं राहिलं. शाहीर साबळे यांनी ‘यमराज्यात एक रात्र’मध्ये यमालाच रंगमंचावर आणलं. अण्णा भाऊ साठ्यांनी त्याआधी गणातल्या गणपतीच्या जागी मातीला आणि हुतात्म्यांना वंदन केलं, गौळण काढून टाकली, आणि ‘अकलेची गोष्ट’सारखी लोकनाट्यं कामगारांपुढे केली. पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ 1978 साली पुण्याच्या थिएटर अकादमीने केलं. त्याचं मूळ ब्रेख्तचं 1928चं जर्मन नाटक, आणि ब्रेख्तचं मूळ 1728 साली लंडनमध्ये झालेलं जॉन गे याचं नाटक. गेने त्या काळी इटालियन ऑपेरा बाजूला ठेवून लोकांच्या ओठांवरच्या चाली उचलल्या आणि त्यांत चोर, दलाल आणि पंतप्रधान एकाच मापाने मोजले. अडीचशे वर्षांनी पुण्यात तीच गोष्ट करताना लावणीही लागली, नाट्यपदही लागलं आणि पाश्चात्त्य चालीही लागल्या. लोकांना आधीच पाठ असलेल्या चालीत नवा आशय घातला की हशा लवकर येतो आणि खोल जातो, ही गोष्ट लंडनला खरी ठरली, पुण्याला ठरली आणि भारुडात तर ती आधीपासूनच होती.

आता देवगाव फाट्याच्या अगदी शेजारचं उदाहरण. मंठा-परतूरचा टापू ओलांडला की पलीकडे घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच गावचे शेतकरी-नाटककार राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक लिहिलं. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. कैलास वाघमारेंसारखे जालना जिल्ह्यातले नट त्यात होते. 2012 साली ते रंगमंचावर आलं. शिवाजी महाराजांना स्वर्गात न्यायला यम येतो. त्यांना घेऊन जाताना त्यांचे विचार ज्यात आहेत तो डोक्यावरचा टोप पृथ्वीवरच राहतो, आणि तो कुणाच्या डोक्याला नेमका बसतो हे शोधत यमाला गावोगाव फिरावं लागतं. अनेक डोकी पुढे येतात, टोप कुणालाच बसत नाही. पुढे भीमनगर मोहल्ल्यात शिवजयंती निघते, शाहिरांचा सवाल-जवाब झडतो, आणि शिवाजी महाराज नेमके कुणाचे, हा प्रश्न पोवाड्यातून विचारला जातो.

या नाटकाचं यश मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्याचा विषय आपल्या समाजातल्या सर्वांत नाजूक विषयांपैकी आहे. या विषयावर भाषण ठेवलं असतं, तर अर्धे लोक आलेच नसते आणि आलेल्यांतले निम्मे भांडले असते. यमाची फजिती पाहून सगळे एकत्र हसले, आणि एकदा एकत्र हसलेली माणसं पुढचा कठीण प्रश्न एकत्र ऐकायला तयार झाली. गाण्याने दुसरं काम केलं. पोवाड्याची चाल आपल्या रक्तात इतकी भिनलेली आहे की ढोलकीवर थाप पडली की ऐकणारा आधीच गाणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. महाराजांनी रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नये असं सैन्याला बजावलं, हे इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पण पोवाड्याच्या चढत्या लयीत ते ऐकताना कापसाला भाव न मिळालेल्या माणसाला ते आपल्याविषयी आहे असं कळतं. आणि हे सगळं मराठवाड्याच्या बोलीत. दादरच्या नाट्यगृहात ती बोली कौतुकाने ऐकली गेली, हे चांगलंच झालं. पण ज्या माणसांच्या बोलण्यातून ती उचलली, त्यांतल्या किती जणांनी हा प्रयोग डोळ्यांनी पाहिला? जवळच्या मातीतून उगवलेलं, राज्यभर नावाजलेलं विनोदी संगीत नाटक फाट्यावरच्या माणसाला बघायला मिळायला हवं असेल, तर त्याने शहराच्या वेळापत्रकाप्रमाणे वागावं ही अट बरोबर नाही.

इथे वेळेचा मुद्दा येतो, आणि तो वरवर दिसतो त्याहून खोल आहे. जुना तमाशा, जागरण, गोंधळ, दशावतार, एवढंच काय, जुनं संगीत नाटकसुद्धा रात्रभर का चालायचं? वन्समोअरमुळे लांबायचं, हे एक कारण. पण खेड्यातल्या खेळाचं मोठं कारण वाटेत होतं. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून माणसं चालत, बैलगाडीने यायची. अंधार पडल्यावर खेळ सुरू करायचा आणि उजाडेपर्यंत चालवायचा, म्हणजे येणाराही दिवसाउजेडी निघतो आणि जाणाराही दिवसाउजेडी घरी पोचतो. मधल्या अंधाऱ्या तासांची जबाबदारी खेळ स्वतःकडे घ्यायचा. बतावणी लांबवायची, सवाल-जवाब वाढवायचे, ही लवचीकता त्या रचनेत होती आणि तिला व्यवहाराचा आधार होता. शहरातलं तीन तासांचं नाटक लोकल गाडी, रिक्षा आणि दुसऱ्या दिवशीचं ऑफिस धरून बेतलेलं आहे. तेही योग्यच आहे. पण ते तसंच उचलून खेड्यातल्या प्रेक्षकापुढे ठेवलं की त्याच्या वाट्याला मध्यरात्रीचा रस्ता तेवढा उरतो.

त्यात कायद्याची भर पडली. ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी झाली. सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देऊ शकतं. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत ध्वनिक्षेपक वापरायला मात्र ही अडचण नाही. या नियमाच्या बाजूने बोलायला पुष्कळ आहे. आजारी माणसाला झोप हवी, परीक्षेच्या मुलाला शांतता हवी, डीजेचा धुमाकूळ कुणी सहन करावा असं मी म्हणणार नाही. पण परिणाम काय झाला, तेही सांगायला हवं. रात्रीचा खेळ कायद्याने बंदिस्त सभागृहापुरता उरला आणि सभागृह जिल्ह्याच्या गावापुरतं उरलं. शहराची रात्र शिल्लक राहिली, कनातीतली रात्र आखडली. दसऱ्यापासून वैशाखापर्यंतच्या हंगामात गावोगाव फिरणाऱ्या तमाशाच्या फडांना वग रंगात येण्याआधीच गुंडाळावा लागू लागला. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेसारख्या मोठ्या जागी अजून लावणीला, तमाशाला गर्दी होते. पण वर्षातली एक यात्रा म्हणजे प्रेक्षकाची नाटकाची सवय नव्हे. सवय व्हायला दोन-तीन महिन्यांतून एखादी रात्र तरी लागते.

यावर पहिला आक्षेप येईल तो मोबाईलचा. हसायचं असेल तर टीव्हीवर रोज विनोदी कार्यक्रम आहेत, खिशात चोवीस तास गाणी आहेत, मग इतका खटाटोप कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे. सिनेमा बोलू लागल्यावर संगीत नाटक कंपन्यांची काय अवस्था झाली, ते आपल्याला माहीत आहे. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ आला आणि दहा-पंधरा वर्षांत एकेक कंपनी बंद पडत गेली. पण त्याच सिनेमाच्या भर बहरात, 1960 नंतर, विद्याधर गोखल्यांची संगीत नाटकं चालली, वसंत कानेटकरांचं ‘लेकुरे उदंड जाहली’ हे गात-बोलत पुढे जाणारं हलकंफुलकं नाटक चाललं, आणि ‘विच्छा’ने तर राज्य पिंजून काढलं. पडद्याला जे देता येत नाही ते यांच्याकडे होतं, म्हणूनच ती चालली. पडद्यावरचा विनोदवीर आपलं हसणं ऐकत नाही. सोंगाड्या ऐकतो. हशा कुठून उठला, पुढच्या रांगेतून की मागच्या बायकांच्या घोळक्यातून, हे त्याला कळतं आणि पुढचं वाक्य तो तिकडे तोंड करून टाकतो. गाण्याला टाळ्यांचा ठेका मिळाला तर ढोलकीवाला एक आवर्तन वाढवतो. एकट्याने मोबाईलवर बघताना माणूस मोठ्याने क्वचितच हसतो. शेजारी खांद्याला खांदा लावून बसलेला असला की तेच वाक्य त्याला दुपटीने हसवतं. विनोदी संगीत नाटकाचा अर्धा भाग प्रेक्षकात घडतो, आणि तो अर्धा भाग चित्रित करता येत नाही.

दुसरा आक्षेप घरच्या मंडळींचा असतो, आणि त्याला मी जास्त वजन देतो. गाणं आणि विनोद एकत्र आले की पाचकळपणा येतो, दुहेरी अर्थाचे संवाद येतात, लेकी-सुनांना घेऊन बसता येत नाही. हे खोटं नाही. यात्रेतल्या काही खेळांत आणि ऑर्केस्ट्रांत वगाचा जीव आटला आणि नुसत्या नाचाला महत्त्व आलं, याची खंत तमाशातल्या जुन्या कलावंतांनीच वेळोवेळी बोलून दाखवली आहे. पण याचं कारण या प्रकाराच्या मुळात शोधू नये. खेळाला दोन तासच मिळाले, समोर फक्त पुरुष बसले, आणि वर्षातून एकदाच सुपारी मिळाली, तर फड लवकर टाळी घेणारं तेवढंच दाखवणार. एकनाथांच्या भारुडातला संसाराचा विनोद बायकांसमोर, बायकांविषयी, कीर्तनाच्या मांडवात होत आला. ‘संशयकल्लोळ’मध्ये नवरा-बायकोच्या संशयाची चेष्टा सगळं घर मिळून बघत आलं. समोर कुटुंब बसलं की विनोद आपली पातळी आपोआप सांभाळतो. म्हणून खेळाची वेळ, बसायची सोय, स्वच्छतागृह आणि परतीची गाडी या गोष्टी मला नाटकाच्या संहितेइतक्याच मोलाच्या वाटतात. बाई प्रेक्षागृहात आली की नाटक सुधारतं, आणि बाई यायची असेल तर तिला अकरा वाजता घरी पोचता आलं पाहिजे.

मग तिसरा आक्षेप, पैशांचा. नट, वादक, प्रकाश आणि ध्वनी सांभाळणारे, वाहतूक, जेवणखाण एवढा खर्च सेलू किंवा जिंतूरच्या तिकीटविक्रीतून कसा निघायचा? मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या नेपथ्याच्या नाटकाच्या बाबतीत तो निघणं कठीणच आहे, हे मान्य करायला हवं. पण या लेखात ज्या नाटकांची नावं आली त्यांचं सामान आठवा. वगाला एक चौथरा, मागे एक पडदा आणि चार वाद्यं पुरतात. राजवाडा सोंगाड्याच्या एका वाक्यात उभा राहतो आणि दुसऱ्या वाक्यात जंगल होतं. नेपथ्यावर न विसंबणारा नाट्यप्रकार महाराष्ट्राकडे तयार आहे, तो याच प्रदेशाच्या गरजांतून घडला आहे. त्याला लागतं ते बंदिस्त छत, आणि तेवढं छत तालुक्याच्या गावी बहुतेक असतं. शाळा-महाविद्यालयांची सभागृहं असतात, मंगल कार्यालयं असतात, आणि लग्नाच्या तिथी नसतात तेव्हा ती रिकामी असतात. साडेसहाला खेळ सुरू करून साडेनऊला संपवला, तर आसपासच्या खेड्यांतला माणूस तासाभरात घरी जातो. एसटीची गाडी लग्नाला, सहलीला प्रासंगिक करारावर मिळते तशी नाटकालाही मिळू शकते. फाट्या-फाट्यावर माणसं उतरवत जाणाऱ्या एका गाडीचं भाडं तिकिटांत वाटून घेतलं तर फार होत नाही. कापूस आणि सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात आणि रब्बीची घाई अजून वाढायची असते, ते दिवाळीनंतरचे आठवडे यासाठी सोयीचे. हंगाम पाहून खेळ लावणं तमाशाच्या फडांना कधीच अवघड गेलं नाही.

राहता राहिला प्रश्न नाटकं आणायची कुठून, याचा. सगळीच मुंबईहून यायला हवीत असं नाही. राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा 1950च्या दशकापासून चालू आहे आणि परभणी हे तिच्या प्राथमिक फेरीचं एक केंद्र आहे. दिवसभर नोकरी, शेती, दुकान करून रात्री तालमी घेणारी माणसं त्यात उतरतात. महिनोन्‌महिने तालीम होते, कपडे शिवले जातात, गाणी बसवली जातात, आणि बऱ्याचशा नाटकांचा स्पर्धेतला प्रयोग हाच पहिला आणि शेवटचा ठरतो. परीक्षकांसमोर एकदा होऊन गेलेली ती मेहनत तिथेच संपते. अशा नाटकांतलं गाणं-हशाचं एखादं निवडून पुढच्या दोन महिन्यांत सेलू, जिंतूर, मंठा, पाथरी असं फिरवलं, तर नटांना चार नवे प्रेक्षकवर्ग मिळतील आणि नाटक चौथ्या प्रयोगापर्यंत दुप्पट चांगलं होईल. विनोदी नाटक तर प्रेक्षकांसमोर वारंवार उभं राहिल्याशिवाय पिकतच नाही. यासाठी नवं खातं किंवा नवी योजना लागत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या संघांनी, तालुक्याच्या महाविद्यालयांनी आणि गणेश मंडळांनी एकत्र बसून तारखा ठरवायला हव्यात. गणेश मंडळं मुद्दाम म्हणतो, कारण निजामाच्या राजवटीत परवानगीशिवाय सभा घ्यायला बंदी होती, तेव्हाही मराठवाड्यातल्या गणेशोत्सवांच्या मेळ्यांनी गाण्यातून आणि संवादांतून लोकांना हसवलं होतं, जागं केलं होतं. त्या मंडळांकडे आजही वर्गणी गोळा करणारी माणसं आहेत, मांडव घालणारी आहेत, आणि कुणाच्या घरी पेटी आणि कुणाच्या घरी ढोलकी आहे हे त्यांना ठाऊक आहे.